नेने आणि मुंगूस

हवाईला गेलेली मंडळी ज्वालामुखीचे फोटो आणि अननस घेऊन परततात. आम्ही परतलो ते दोन ओळखीचे शब्द घेऊन.

पहिला ‘नेने’. माउई बेटावर हालेआकाला डोंगर चढताना पाटी दिसली: नेने रस्ता ओलांडतात, सावकाश चला! गाडीत एकच हशा. ओळखीच्या नेनेमंडळींना फोटो पाठवणे आलेच. कोकणाशी मात्र याचा काडीचाही संबंध नाही बरं का! नेने म्हणजे हवाईचा राज्यपक्षी, हंसाच्या कुळातला, इंग्रजीत ‘गूज’. त्याच्या मऊ आवाजावरून हे नाव पडले.

दुसरा शब्द खरोखरीच आपला. उतरताना झुडपातून काहीतरी सरकन गेले आणि आमची धाकटी ओरडली, “मॉन्गूस!” भारतातून आलेल्या आजींना वाटले, नात चक्क मराठी बोलली. “हो गं, मुंगूसच ते,” म्हणून त्यांनी हात जोडले. मुंगूस दिसणे शुभ ना!

आजींचे काही चुकले नाही. इंग्रजीतला ‘मॉन्गूस’ हा मराठीवरूनच गेला, असे इंग्रजी शब्दकोश सांगतात. आपल्याच किनाऱ्यावर फिरलेल्या जॉन फ्रायरच्या १६९८ साली छापलेल्या प्रवासवर्णनात तो सापडतो. फ्रेंचांचा ‘मांगूस्त’, स्पॅनिशमधला ‘मांगोस्ता’ हेही त्याचेच भाऊबंद. तेलुगू-कानडीतही ‘मुंगिस’, ‘मुंगुसी’ आहेतच, तेव्हा फार कॉलर ताठ करू नये. ‘गूस’ ऐकून इंग्रजांनी त्याला ‘गूज’च्या वळणावर नेले खरे, पण अनेकवचन ‘मॉन्गीज’ होत नाही, ‘मॉन्गूसेस’च होते. हवाईच्या भाषेत ‘ग’ही नाही आणि ‘स’ही नाही, म्हणून तिथे त्याचे झाले ‘मानाकुके’.

गंमत म्हणजे, नाव मराठी असले तरी प्राणी बंगालकडून आलेला. तिथे त्याला ‘बेजी’ म्हणतात. १८७२ साली एस्प्यूट नावाच्या मळेवाल्याने कलकत्त्याहून नऊ मुंगसे जमैकाला नेली, ती उसातले उंदीर मारायला. त्यांची पिलावळ १८८३ मध्ये हवाईच्या ऊसमळ्यांत आली. पण उंदीर मुख्यतः रात्रीचा, मुंगूस दिवसाचे! दोघांची गाठ पडणार कशी? सापही नाहीत. मग मुंगसांनी जमिनीवर घरटी करणाऱ्या पक्ष्यांची अंडी आणि पिल्ले गाठली, आणि नेने जमिनीवरच घरटे करतो.

शिकार होतीच, त्यात मुंगूस आले. विसाव्या शतकाच्या मध्यावर रानात जेमतेम तीसेक नेने उरले होते. मग पिंजऱ्यांत पैदास केली, थेट इंग्लंडमध्येसुद्धा, आणि पक्षी परत सोडले. २०१९ पर्यंत ते अडीच हजारांवर गेले आणि सरकारने त्यांना ‘संकटग्रस्त’ यादीतून एक पायरी खाली आणले.

हे सगळे आजींना सांगितले. त्या थोडा वेळ गप्प बसल्या. मग म्हणाल्या, “त्या बिचाऱ्याला काय माहीत? बोलावलं म्हणून आलं.” धाकटीला हे पटले नाही. तिचे मत नेन्यांच्या बाजूचे.

नेने पोटभर पाहायचे असतील तर कवाई बेटावर जावे. तिथे मुंगसाने अजून बस्तान बसवलेले नाही. सांगतात की, पेटी धक्क्यावर उतरवताना एक मुंगूस हमालाला चावले आणि त्याने रागाने अख्खी पेटीच पाण्यात ढकलली. खरे-खोटे कवाईकर जाणोत. २०१२ साली तिथे दोन मुंगसे पकडली गेली, तर त्याची मोठी बातमी झाली. तेव्हा कवाईत मुंगूस दिसलेच, तर हात जोडा हवे तर, पण आधी तिथल्या वन्यजीव खात्याला फोन करा.