दामोदर हॉल बंद झाल्यावर
परळचं दामोदर नाट्यगृह 1922 सालचं, गिरणगावातल्या कामगारांचं. नोव्हेंबर 2023 मध्ये पुनर्विकासासाठी ते बंद झालं. आमच्या घरापासून ते पायी दहा मिनिटांवर. दुपारचा प्रयोग बघून मगरिबच्या आत घरी परतता यायचं, म्हणून अम्मी आणि फुफीही यायच्या. कोकणातल्या मंडळींचं नमन असलं तर हमखास. आता दादरचं शिवाजी मंदिर आहे, प्रभादेवीचं रवींद्र नाट्य मंदिर आहे. पण तिथे आम्ही भाऊच तेवढे जातो. तिकिटं महागली, ते वेगळंच. परतल्यावर अम्मी दारातच विचारते, "कसं होतं नाटक?" सगळं ऐकल्याशिवाय जेवायला वाढत नाही. नवं दामोदर उभं राहीपर्यंत तिचे गुडघे तिला चालू देतील का, ही आमची धास्ती.