कोटिंगच्या आधी पाणी

नवी गाडी घेतली की पहिल्यांदा खालून काळं कोटिंग मारून घ्या, असं मिरजोळ्यात गॅरेजला येणाऱ्या प्रत्येकाला मी वर्षानुवर्षं सांगत आलो. कोकणात गंजावर दुसरा उपाय नाही, अशी माझी पक्की समजूत होती. आता मी तसं सांगत नाही.

माझं मत बदललं ते मिरकरवाड्याहून मासळी वाहणाऱ्या पिकअप गाड्यांमुळे. बर्फ वितळतो आणि खारं पाणी हौद्यातून चॅसीवर ठिबकत राहतं. अशी गाडी वर उचलली की कोटिंग धड दिसायचं, पण स्क्रू-ड्रायव्हरने टोचलं की थराखालून गंजाचे पापुद्रे सुटायचे. खडी उडून कोटिंगला बारीक चीर जाते, तिच्यातून पाणी शिरतं आणि तिथेच कोंडतं. उघडा पत्रा निदान वाळतो तरी.

आपल्याकडे वर्षाला 3,000 मिलिमीटरहून जास्त पाऊस, त्यात हवेला मीठ. जांभ्याची तांबडी माती चाकांच्या कमानीत बसते आणि पाऊस उघडला तरी ओल धरून राहते. दारांच्या खालच्या कडेला पाणी जायची भोकं असतात, ती याच मातीने बुजतात. वायपरखालच्या पन्हळीत आंब्याची पानं कुजतात. गंज पुष्कळदा अशा जागी आतून धरतो, जिथे कोटिंगचा फवारा पोचतच नाही.

म्हणून पावसाळ्यात दर पंधरवड्याला, आणि भाट्याच्या वाळूत गाडी नेली असेल तर त्याच दिवशी, ती खालून गोड्या पाण्याने धुवा. मचूळ विहिरीचं पाणी नको. प्रेशर पंपाची धार बेअरिंगच्या सिलवर किंवा अल्टरनेटरवर धरू नका. भोकं प्लॅस्टिकच्या काडीने मोकळी करा, तारेने रंग खरवडतो. कोटिंग करायचंच असेल तर एप्रिल-मेच्या उन्हात, पत्रा पुरता सुकल्यावर करा.

एमआयडीसीत नवं गॅरेज टाकणारी मुलं विचारतात, आधी काय घ्यावं? पूर्वी मी कोटिंगची गन सांगायचो. आता सांगतो, टू-पोस्ट लिफ्ट. गाडी खालून दिसलीच नाही तर सल्ला कशाच्या जोरावर देणार? लिफ्टचे खांब नुसत्या फरशीवर ठोकू नका, कंपनी सांगते त्या जाडीचं काँक्रीट आधी ओता. तेवढे पैसे नसतील तर दणकट ट्रॉली जॅक आणि चार स्टँड घ्या. नुसत्या जॅकवरच्या गाडीखाली कोणीही शिरू नये, अगदी दोन मिनिटांसाठीही.

कॉम्प्रेसर घेताना टाकीच्या आकारावर जाऊ नका, मिनिटाला हवा किती देतो ते विचारा. त्यासोबत पाणी अडवणारा फिल्टर घ्याच. इथल्या दमट हवेत टाकीच्या तळाशी रोज पाणी साठतं. संध्याकाळी खालचा कॉक उघडून ते सोडलं नाही, तर टाकी आतून गंजते आणि तेच पाणी गनमधून गिऱ्हाइकाच्या पत्र्यावर जातं.

गाडी न धुता, न वाळवता कोणी लगेच कोटिंग मारून द्यायला निघालं, तर तिथून गाडी बाहेर काढा.