बेसूर पिपाण्या

माघात बाबांना रायपूरच्या एका दवाखान्यात ठेवलं होतं. रात्रीची पाळी माझी. पुण्याहून लेकीनं मोबाइलवर गाणी पाठवली. म्हणाली, ‘‘अमेरिकेतल्या दक्षिणेकडचं सोल आहे, आई. नाहीतरी तुला झोप लागणार नाही.’’ इंग्रजी गाणं म्हणजे गोंगाट, हे माझं जुनं मत.

पहिलं गाणं पर्सी स्लेजचं होतं, ‘व्हेन अ मॅन लव्ह्ज अ वुमन’, १९६६ सालचं. निम्मे शब्द कळले नाहीत. पण माणूस कळवळून सांगतोय, हे कळलं. हा गायक अलाबामातल्या एका दवाखान्यात वॉर्डबॉय होता, असं नंतर वाचलं. आमच्या वॉर्डातला मुलगाही सलाईन लावलेल्यांची अंथरुणं बदलताना ददरिया गुणगुणायचा. मधेच बाबांना म्हणायचा, ‘‘सुत जा बबा.’’

मग रोज रात्री एकेक गाणं. ओटिस रेडिंग डिसेंबर १९६७मध्ये विमान अपघातात गेला, अवघ्या सव्वीसाव्या वर्षी. ‘डॉक ऑफ द बे’ त्यानं काही दिवसच आधी गायलं होतं. त्याच्या शेवटी तो नुसती शीळ घालतो. ती ऐकून मी व्हरांड्यात जाऊन उभी राहिले. मेम्फिसमधला त्याच्या कंपनीचा, स्टॅक्सचा, स्टुडिओ म्हणजे जुनं सिनेमा थिएटर. जमीन तशीच उतरती ठेवलेली. गोऱ्या-काळ्यांना वेगळं ठेवणाऱ्या त्या शहरात तिथे साथीला दोन काळे नि दोन गोरे वादक एकत्र बसत. अरेथा फ्रँकलिन आणि अल ग्रीन त्यानंतर ऐकले. चर्चमधला गळा प्रेमाच्या गाण्यात उतरलेला. अभंगाची आर्तता लावणीत यावी तसा.

बाबा तात्यापाऱ्यातल्या भजनात चाळीस वर्षं पेटी वाजवत. आजारपणात बोलणं जवळपास थांबलं होतं. एका रात्री ते जागे दिसले, म्हणून एक इअरफोन त्यांच्या कानात घातला. स्लेजचंच गाणं. डोळे मिटून त्यांनी ऐकलं. बोटं चादरीवर हलली.

‘‘पेटी कोण वाजवतंय गं?’’

‘‘पेटी नाही बाबा, ऑर्गन. स्पूनर ओल्डहॅम नावाचा माणूस आहे.’’

‘‘हात चांगला आहे,’’ म्हणाले. मग कपाळाला आठी. ‘‘पिपाण्या बेसूर आहेत.’’

मला हसू आलं. दवाखान्यातही चुका काढायची सवय जात नाही, असं वाटलं. पुढे बाबा घरी आले, आणि पावसाळ्याआधी गेले.

दिवस झाल्यावर त्या गाण्याबद्दल पुन्हा वाचत होते. त्यात होतं, की मूळ ध्वनिमुद्रणात ब्रासची वाद्यं सुरात नव्हती. म्हणून ती पुन्हा वाजवून घेतली. पण चुकून जुनीच प्रत बाजारात गेली, आणि तीच अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर पोचली.

ओळ वाचून मी बाबांच्या खोलीकडे वळले. सांगायला. दारापर्यंत गेल्यावर आठवलं.

हे संगीत कुठून ऐकायला घ्यावं, असं कोणी विचारलं तर मी त्याच गाण्याचं नाव सांगते. पिपाण्यांकडे लक्ष ठेवा, एवढं म्हणते.