दोन हात, दोन पाय आणि सोळा बटणं

दोस्तांनो, तुमच्यापैकी कुणी गाण्याच्या क्लासला जातं का? मग इलेक्ट्रॉनिक तबला तुम्हाला ठाऊकच असेल. बटण दाबलं की पेटी आपली ‘धा धिं धिं धा’ सुरू! मी आठवीत असताना घरी अशीच एक पेटी आली आणि मी तिच्या प्रेमातच पडले. ती दमायची नाही, रुसायची नाही, अन् कितवी मात्रा चाललीय त्याचा आकडासुद्धा दाखवायची.

त्या वर्षी स्नेहसंमेलनात मी भूप गायले. साथीला आमच्याच गल्लीतला, माझ्याहून वर्षाने मोठा एक मुलगा होता. मी श्वास घ्यायला थांबले, तर या पठ्ठ्याने साधा ठेका सोडून मध्येच एक झकास तुकडा वाजवला. मी गडबडले. आकडा तर कुठेच दिसत नव्हता! मुखडा उचलला आणि समेवर आले, पण काहीतरी बिनसलंय हे जाणवलं. पडदा पडल्यावर सगळ्यांसमोर मी त्याच्यावर ओरडले, “तू दोन मात्रा खाल्ल्यास! माझी पेटी कधी चुकत नाही!” तो काहीच बोलला नाही. पुढच्या आठवड्यापासून तो क्लासला यायचा बंद झाला.

ही जुनी गोष्ट मला अलीकडे आठवली ती दोन परदेशी कलावंतांमुळे. त्यांची ओळख करून देते.

पहिले टोनी ॲलन. जन्म १९४०, नायजेरियातल्या लागोस शहरात. रेडिओ स्टेशनवर तंत्रज्ञाची नोकरी करता करता हा माणूस स्वतःच ड्रम शिकला. फेला कुटी या गायकाबरोबर त्यांनी ‘आफ्रोबीट’ नावाचं संगीत घडवलं. त्यांची खासियत सांगू? दोन हात आणि दोन पाय, चौघांची चार वेगळी कामं! एक हात झांजेवर, दुसरा छोट्या ड्रमवर, एक पाय मोठ्या ड्रमवर, आणि कोणी कोणाची नक्कल करायची नाही. बरं, वाजवणं मात्र हळुवार. आदळआपट अजिबात नाही.

दुसरे जेफ मिल्स. जन्म १९६३, अमेरिकेतल्या डेट्रॉइटमध्ये. डेट्रॉइट म्हणजे मोटारींच्या कारखान्यांचं गाव. १९८० च्या दशकात तिथल्या कृष्णवर्णीय तरुणांनी यंत्रांवर ‘टेक्नो’ हे नाचाचं संगीत तयार केलं. त्यांचं एक लाडकं यंत्र म्हणजे रोलँड कंपनीचं टीआर-९०९. हे जपानी ड्रमयंत्र १९८३ साली बाजारात आलं. खऱ्या ड्रमसारखं वाजत नाही म्हणून फारसं खपलं नाही, एक-दोन वर्षांत बंदही झालं. मग जुनी यंत्रं स्वस्तात मिळू लागली आणि या पोरांचं फावलं! यंत्रावर ओळीने सोळा बटणं असतात. ज्या बटणावर ठोका हवा ते दाबायचं. सोळा झाले की पुन्हा पहिल्यापासून. आपल्या तीनतालाच्याही मात्रा सोळाच, नाही का? हिशेब मात्र वेगळा. तिथे चार-चार बटणांचा मिळून एक ठोका होतो.

मिल्स यांचं ‘द बेल्स’ हे १९९० च्या दशकातलं गाणं टेक्नोमधलं अगदी गाजलेलं. खाली ‘धप धप धप धप’ आणि वर घंटांसारखे थोडेसेच सूर, पुन्हा पुन्हा तेच. गंमत म्हणजे २००५ साली फ्रान्समध्ये, पों द्यू गार या जुन्या रोमन पुलापाशी, मोंपेल्ये शहराच्या वाद्यवृंदाने हेच गाणं वाजवलं. यंत्राचं गाणं व्हायोलिन आणि तुताऱ्यांवर! मला ते आवडलं, पण खरं सांगू का, तिथे माणसं यंत्राच्या पाठोपाठ चालतायत असं वाटत राहिलं.

ॲलन आणि मिल्स एकत्र आले ते २०१६ साली, पॅरिसमध्ये. एकाकडे ड्रम, दुसऱ्याकडे ९०९. तुम्ही म्हणाल, यात काय अवघड? यंत्र सुरू करायचं आणि वर ड्रम वाजवायचे. अहो, तिथेच तर गोम आहे! टेक्नोचा मोठा ठोका प्रत्येक मात्रेवर पडतो. ॲलन यांचा पाय नेमका मधल्या जागा शोधायचा, आणि दर फेरीला थोड्या वेगळ्या. यंत्र सोळाचा तोच फेरा घालत राहिलं, तर दोघांची भेट होणार कशी?

मिल्स यांनी काय केलं, तर यंत्राला वाद्य मानलं. तेही शाळेत असताना ड्रम वाजवायचे. मैफिलीत ते बोटांनी ठोके काढतात, घालतात, आवाज चढवतात, उतरवतात. त्यांचे व्हिडिओ पाहताना माझं लक्ष त्यांच्या नजरेकडे गेलं. ती बटणांवर नव्हती, समोरच्या म्हाताऱ्याच्या हातांवर होती. ॲलन यांनी जागा दिली की इकडून ठोका येई. ते दाट वाजवू लागले की यंत्र गप्प. २०१८ साली दोघांची चार तुकड्यांची रेकॉर्ड निघाली, ‘टुमॉरो कम्स द हार्वेस्ट’. ३० एप्रिल २०२० रोजी ॲलन पॅरिसमध्ये वारले.

काही लोक याला ‘आफ्रिका आणि यंत्र यांची भेट’ म्हणतात. मला ते पटत नाही. डेट्रॉइटच्या कारखान्यांत राबायला दक्षिणेकडून जी कृष्णवर्णीय कुटुंबं आली, त्यांचे पूर्वज आफ्रिकेतून गुलाम म्हणून नेलेले होते. मग ही अनोळखी माणसांची भेट कशी? लांबचे चुलतभाऊ भेटले म्हणा हवं तर.

तर, तो व्हिडिओ पाहताना मी एकदम थांबले. स्नेहसंमेलनातली ती ‘खाल्लेली’ मात्रा! मी मुखडा लवकर उचलला होता. माझी सम चुकू नये म्हणून त्या मुलाने मधल्या मात्रा सोडून माझ्या समेवर ‘धा’ दिला होता. तो चुकला नव्हता. तो ऐकत होता. पेटीने मला तसंच पुढे जाऊ दिलं असतं.

आईकडून त्याचा नंबर मिळवला आणि फोन केला. तो आता बँकेत आहे. तबला? घरी आहे, म्हणाला, कपाटावर. मी म्हटलं, “अरे, त्या भूपाच्या वेळी दोन मात्रा माझ्याच चुकल्या होत्या.”

पलीकडून जरा वेळ काहीच आवाज आला नाही. मग तो म्हणाला, “दोन नाही गं. अडीच!”