चन्नपट्टणची भिंगरी

म्हैसूरहून बंगळुरूकडे निघालेली आगगाडी मंड्याचे उसाचे मळे मागे टाकते, मद्दूर येते, आणि मद्दूरवड्यांच्या खमंग वासाबरोबर विक्रेत्यांची हाळी डब्यात शिरते. त्यापुढे थोड्याच वेळात लागणारे गाव म्हणजे चन्नपट्टण. बंगळुरूच्या अलीकडे सुमारे 60 किलोमीटरवर असलेल्या या गावाला कानडीत ‘गोंबेगळ ऊरु’, म्हणजे बाहुल्यांचे गाव, असे म्हणतात. अनुवादाच्या कामानिमित्त म्हैसूरला गेले असता परतीच्या वाटेवर मी येथे उतरले, ते मात्र केवळ गाव पाहण्यासाठी नव्हे. दिल्लीला जाताना मध्ये नागपूरला बहिणीकडे थांबायचे होते आणि सहा वर्षांच्या भाचीसाठी काहीतरी घ्यायचे होते.

हे ‘काहीतरी’ फार अवघड असते. दोन वर्षांपूर्वी मी तिच्यासाठी एक भारी बाहुली नेली होती. जरीचा घागरा, मोत्यांची नथ. पाहणाऱ्याने पाहतच राहावे अशी. खराब होईल म्हणून ती त्याच दिवशी काचेच्या कपाटात गेली आणि तेथेच राहिली. या वेळी दूरध्वनीवर मी भाचीला विचारले, “तुला काय आणू?” ती क्षणभर थांबून म्हणाली, “मावशी, जे कपाटात ठेवावे लागणार नाही, असे आण.” वर्षाकाठी दोन-चार दिवस भेटणाऱ्या मावशीला त्या मुलीने किती थोडक्यात शहाणे केले! मी दिलेली भेट तिच्यासाठी नव्हतीच. ती घरी येणाऱ्याजाणाऱ्यांसाठी होती.

मुलींना बाहुली देण्याची चाल आपल्याकडे जुनी आहे, आणि कर्नाटकात तर तिला मोठा मान आहे. नवरात्रात घरोघरी बाहुल्यांची आरास मांडतात. तिच्या अग्रभागी रक्तचंदनाची राजाराणीची जोडी असते. ‘पट्टद गोंबे’ म्हणतात तिला. लग्नाच्या वेळी आईवडील ही जोडी मुलीला देतात आणि पुढे दर नवरात्रात ती सासरच्या घरी आरास मांडते. माहेराची इतकी बोलकी खूण क्वचितच सापडेल. परंतु ती नववधूला दिलेली भेट आहे. सहा वर्षांच्या मुलीला आठवण जपायची नसते. तिला खेळायचे असते.

चन्नपट्टणच्या गल्ल्यांतून हिंडताना प्रथम कानांवर येतो तो लेथचा घरघराट. आपल्या सावंतवाडीच्या चितारआळीत लाकडी खेळणी पाहिलेल्या माणसाला येथे परके वाटत नाही. टिपू सुलतानाने इराणी कारागीर आणून ही कला येथे रुजवली अशी परंपरागत समजूत आहे. पुढे जपानी पद्धतीचा अभ्यास करून तिला नवे वळण देणाऱ्या बवास मियाँ यांना येथील कारागीर आदराने स्मरतात. लाकूड वापरतात ते ‘आले मर’ नावाच्या झाडाचे. आपण त्याला काळा कुडा म्हणतो. नावाने काळा असला तरी त्याचे लाकूड हस्तिदंतासारखे पांढरट, हलके आणि बारीक पोताचे असते. ते चांगले वाळले की कातारी लेथवर चढवून त्याला आकार देतो.

रंग देण्याची रीत तर पाहत राहावी अशी. येथे कुंचला लागत नाही. लाखेत रंग मिसळून केलेली कांडी फिरत्या लाकडावर दाबून धरतात; घर्षणाच्या उष्णतेने लाख वितळते आणि लाकडावर रंगाची साय चढते. मग केवड्याच्या जातीचे वाळलेले पान त्यावरून फिरवतात, की आरशासारखी झळाळी येते. पिवळा रंग हळदीचा, निळा निळीचा, ही जुनी चाल. आता सर्वच ठिकाणी ती पाळली जाते असे नाही, म्हणून घेणाऱ्याने रंग कशाचा आहे हे अवश्य विचारावे. आणि घरात तीन वर्षांच्या आतले मूल असेल, तर तोंडात जाईल असा सुटा, लहान भाग खेळण्यात नाही ना, हेही पाहावे. स्वस्त प्लॅस्टिकच्या खेळण्यांनी या गावावर मध्यंतरी वाईट दिवस आणले. 2005-06 मध्ये येथील खेळण्यांना भौगोलिक निर्देशन मिळाले, तरी कारागिराचे पोट शेवटी गिऱ्हाइकावरच अवलंबून असते.

एका लहानशा कारखान्यात मी शिरले. फळीवर सारे मांडलेले होते: भातुकली, मणी ओवलेली गणितपाटी, लाखेच्या बांगड्या, झुलता घोडा. माझा हात प्रथम भातुकलीकडे गेला. चुरमुरे आणि गूळ-दाण्यांचा स्वयंपाक रांधलेल्या लहानपणीच्या दुपारी आठवल्या. मग वाटले, गणितपाटी घ्यावी, मुलगी हुशार होईल. मग बांगड्या, सुंदर दिसतील. आणि मी थबकले. भातुकलीत माझे बालपण होते, गणितपाटीत तिच्या आईची चिंता होती, बांगड्यांत पाहुण्यांचे कौतुक होते. मुलगी कशातच नव्हती.

लेथवर एक मध्यमवयीन बाई काम करीत होत्या. त्यांनी माझी घालमेल ओळखली असावी. यंत्र थांबवून त्यांनी दख्खनीत विचारले, मुलगी केवढी आहे? मी वय सांगितले. त्यांनी मान हलवली; वय नव्हे, हात केवढा आहे? मी माझ्या तळव्यावर अंदाजाने बोट टेकवून दाखवले. माझ्या हातातल्या मोठ्या घोड्याकडे पाहून त्या म्हणाल्या, “इत्ता बडा नक्को.” ‘नक्को’! आपल्याच ‘नको’ने शेकडो वर्षांपूर्वी दख्खनीत घर केले आहे, हे मला पुस्तकांतून ठाऊक होते, आज ते कानांनी ऐकले. भाषांच्या सीमेवर काम करणाऱ्या मला त्या एका शब्दाने घरच्यासारखे वाटले.

त्यांनी टोपलीतून एक भिंगरी काढली. तांबड्या-पिवळ्या वलयांची, वर बारीक दांडी असलेली. दोन बोटांनी पीळ देऊन त्यांनी ती फरशीवर सोडली. वलये एकमेकांत विरघळून नारिंगी झाली. मग माझ्या हाती दिली. माझी दोनदा कोलमडली, तिसऱ्यांदा फिरली. लहानपणी भोवरा भावाच्या खिशात असे आणि मी ओट्यावरून पाहत असे, हे मला त्या वेळी आठवले. मी दोन भिंगऱ्या घेतल्या. एकटीला फिरवता येते, पण शर्यत लावायला दोन लागतात.

नागपूरला दोन दिवस आम्ही दोघी जमिनीवर बसून शर्यती लावत होतो. मला “मावशी, तुमची” म्हणणारी मुलगी दुसऱ्या दिवशी “मावशी, तुझी पडली!” असे ओरडू लागली. निघताना एक भिंगरी सापडेना. बहीण सवयीने काचेच्या कपाटात शोधू लागली. भाचीने पालथे पडून ती कपाटाखालून काढली. कडेची लाख थोडी उडाली होती. मला फार बरे वाटले.