कचारगडची किंगरी

गोंदियाहून डोंगरगडकडे जाणारी आगगाडी सालेकसा मागें टाकून दरेकशास पोहोंचते, तेव्हां डोंगर अगदीं रुळांजवळ आलेले असतात. तेथून धनेगांवावरून रानांतील चढण चढून आम्ही कचारगडच्या विशाल गुहेपाशीं आलों. माघी पौर्णिमेस येथें शेजारच्या प्रांतांतूनहि गोंड बांधवांची मोठी यात्रा भरते. नागपूरचे भाषाभ्यासक कै. मोतीरावण कंगाली प्रभृति मंडळींनीं १९८० नंतरच्या दशकांत या यात्रेस चालना दिली.

गोंड परंपरा सांगते कीं, कली कंकालीचीं तेहतीस मुलें या गुहेंत कोंडलीं गेलीं आणि दारावर प्रचंड शिळा बसली. तेव्हां हिरासुका पाटालीर नांवाच्या वादकानें बाहेर किंगरी वाजविली. त्या नादानें मुलांच्या अंगीं बळ संचरलें. सर्वांनीं एकदम रेटा दिला आणि शिळा ढळली. मुलें सुटलीं, पण वादक शिळेखालीं चिरडला गेला.

'किंगरी' या शब्दांत संस्कृत 'किन्नरी' ऐकूं येते. शार्ङ्गदेवानें तेराव्या शतकांत देवगिरीस रचिलेल्या 'संगीतरत्नाकरां'त किन्नरी वीणेचें वर्णन आहे. तेथें विचार स्वरांचा आहे. येथें विचार बंदिवानांचा आहे. शिळा हलविली ती मुलांच्या हातांनीं. किंगरीनें ते सारे हात एकाच क्षणीं एकवटले. चळवळीच्या गाण्याचें कार्य एवढेंच, आणि त्याचें मोल बहुधा गाणाराच देतो. १९४२ सालीं राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांच्या खंजिरीनें विदर्भांतील खेडीं जागीं केलीं, तेव्हां सरकारनें त्यांस कारागृहांत टाकिलें.

गोंडांच्या कुळांकडे विशिष्ट वृक्ष आणि पशुपक्षी राखण्याचा धर्म परंपरेनें आलेला आहे. त्यामुळें तेथें कुळाचें गाणें तेंच रानाचें गाणें होतें. २००६ च्या कायद्यानें वनावरील सामुदायिक हक्कास मान्यता दिली. तरी शेजारच्या गडचिरोलींत सुरजागडच्या डोंगरावर २०१६ सालीं लोहखनिज काढण्यास आरंभ झाला. ज्या डोंगरावर ठाकूरदेवाची यात्रा भरते, तोच डोंगर राखण्यासाठीं ग्रामसभांना उभें राहावें लागलें.

माघांत कचारगडास जाणाऱ्या वाचकांनीं केवळ गुहा पाहून परतूं नये. पायथ्याशीं बसलेल्या एखाद्या वृद्धास हिरासुकाची कथा विचारावी, आणि ती मुलांबाळांसह शेवटपर्यंत ऐकावी.