पाणीवाली बाई आणि दिल्लीवाली बाई

‘पाणीवाली बाई दिल्लीत, दिल्लीवाली बाई पाण्यात.’ १९७७ च्या लोकसभा निवडणुकीचा विषय निघाला की मुंबईच्या उपनगरांत ही घोषणा आजही आठवली जाते. उत्तर मुंबईतून मृणाल गोरे निवडून आल्या आणि तिकडे रायबरेलीत इंदिरा गांधी पराभूत झाल्या. घोषणा मोठी चटकदार. पण तिच्या आड एक अवघड प्रश्न दडलेला आहे. या दोघींपैकी स्त्रियांच्या हक्कांची खरी कैवारी कोण?

इंदिराबाईंची बाजू वाटते तितकी लंगडी नव्हती. देशातील स्त्रियांच्या स्थितीचा शोध घेणाऱ्या सरकारी समितीने डिसेंबर १९७४ मध्ये आपला अहवाल सादर केला. सारख्या कामाला स्त्री-पुरुषांना सारखे वेतन देण्याचा अध्यादेश १९७५ मध्ये निघाला आणि पुढच्याच वर्षी त्याचा कायदा झाला. परंतु याच काळात, आणीबाणीत, मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर आणि प्रमिला दंडवते तुरुंगात होत्या. १९७२ मध्ये महागाईविरुद्ध मुंबईच्या गृहिणींना हातात लाटणे घेऊन रस्त्यावर आणणाऱ्या त्या ह्याच. समान वेतनाचा कायदा करणारे सरकार आणि या स्त्रियांना गजाआड टाकणारे सरकार एकच होते. मतदाराने कशाला अधिक वजन द्यायचे?

उत्तर मुंबईच्या मतदाराचा कौल समजून घ्यायचा तर आणखी मागे जावे लागते. वैद्यकीय शिक्षण सोडून मृणाल मोहिले राष्ट्र सेवा दलाच्या कामात उतरल्या आणि केशव गोरे यांच्याशी आंतरजातीय विवाह करून गोरेगावात राहिल्या. १९५८ मध्ये केशव गोरे गेले; पदरात लहान मुलगी होती. गोरेगाव मुंबई महापालिकेत येऊन तेव्हा जेमतेम वर्ष झाले होते. तानसाचे पाणी वाहून नेणाऱ्या प्रचंड नळवाहिन्या मुलुंड-घाटकोपरच्या अंगाने शहराकडे जात. उपनगरांतल्या कित्येक वस्त्यांत मात्र सार्वजनिक नळापाशी हंड्यांची रांग असे. १९६१ मध्ये मृणालताई नगरसेविका झाल्या आणि त्यांनी हाच प्रश्न लावून धरला. ‘पाणीवाली बाई’ हे नाव लोकांनी त्यांना दिले ते त्यातूनच.

कोणी म्हणेल, पाणी हा नागरी प्रश्न. त्यात स्त्रीवाद कुठला? पण नळाला पाणी अपरात्री येत असेल तर झोप कोणाची मोडते आणि शाळा कोणाची बुडते, हे वस्तीतल्या कोणालाही सांगावे लागत नसे. याच्या उलट आक्षेप अधिक बोचरा आहे. पाणी दारात आले म्हणून हंडा भरण्याचे काम पुरुषाकडे गेले नाही. मोर्च्यातले लाटणेदेखील मोर्चा संपल्यावर त्याच हातांनी पुन्हा स्वयंपाकघरात परतले. हा आक्षेप झटकून टाकण्याजोगा नाही. १९८० च्या आसपास मथुरा बलात्कार खटल्याच्या निकालाविरुद्ध उभ्या राहिलेल्या स्वायत्त स्त्री-संघटनांनी घराच्या आतल्या सत्तेकडे बोट दाखवले, ते उगाच नव्हे.

आणि विजयाचा उन्माद ओसरल्यावर १९७७ चे आकडेही पाहावेत. त्या लोकसभेत स्त्रिया होत्या अवघ्या १९. त्यांपैकी दोन मुंबईच्या, मृणालताई आणि उत्तर-मध्य मुंबईतून आलेल्या अहिल्याताई. ‘दिल्लीवाली बाई’ पाण्यात गेली म्हणून दिल्लीत बायांची गर्दी झाली, असे मुळीच घडले नाही.

मृणालताईंची खरी कसोटी मात्र विधानसभेत, १९८६ मध्ये लागली. गर्भजलपरीक्षेचा वापर मुलीचा गर्भ हेरण्यासाठी सर्रास होऊ लागला होता. मुंबईतल्या ५० स्त्रीरोगतज्ज्ञांच्या एका पाहणीत ४२ जण ती चाचणी करत असल्याचे आढळले होते. रस्त्यावर स्त्री-संघटनांची मोहीम चालू असताना मृणालताईंनी सभागृहात अशासकीय विधेयक मांडले. मुलगाच हवा असे मानणारी घरे त्यांच्या मतदारांतही असणारच. पाण्यासाठी झगडताना सगळी वस्ती पाठीशी उभी राहते. इथे वस्तीलाच जाब विचारायचा होता. उमेदवार स्त्रियांच्या बाजूचा आहे की नाही, हे अशाच वेळी कळते, आणि या मापाने तोलले तर मृणालताईंचे पारडे जड ठरते.

१९८८ मध्ये महाराष्ट्राने गर्भलिंगचाचणीवर निर्बंध घालणारा कायदा केला. देशात असा कायदा करणारे हे पहिले राज्य. तोही निर्दोष नव्हता. चाचणी करून घेणारी स्त्रीदेखील त्यात दंडास पात्र होती, आणि त्यावर चळवळीतूनच टीका झाली. पुढे १९९४ च्या केंद्रीय कायद्यात, उलट पुरावा नसेल तर पतीने किंवा नातेवाइकांनीच तिला भाग पाडले असे न्यायालयाने गृहीत धरावे, हे कलम आले.